सत्तर किलोचा पाहुणा

"मॅडम, पाहुणा कुठंय?" मिस्त्रीने कंप्रेसरच्या खोलीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"कुंड्यांत," डॉक्टरबाई हातमोजे चढवत म्हणाल्या. "दारातल्या चार नव्या कुंड्या बघितल्या नाहीत? अर्धी माती, अर्धा पाहुणा."

मिस्त्री परत आत गेला. वाळूचं पोतं खरंच जागेवर नव्हतं. खिळ्याला त्याचा जुना निळा शर्ट तेवढा लटकत होता, धुऊन इस्त्री केलेला. कॉलरची अशी कडक घडी जगात एकच बाई घालते, आणि मिस्त्रीचं तिच्याशी लग्न झालेलं होतं. कटात कोण कोण आहे ते त्याला कळलं.

मिस्त्री एकोणीस वर्षं दातांच्या दवाखान्यांतल्या खुर्च्या दुरुस्त करत होता. काम झालं की खुर्ची वजन ठेवून तपासायची, असा नियम: सत्तर किलो, तीनदा वर, तीनदा खाली, एकदा पूर्ण आडवी. बाकीचे मिस्त्री स्वतःच बसतात, फुकटची विश्रांती. हा वाळूचं पोतं बसवायचा. वाळू गळून गादी खराब होऊ नये म्हणून त्याला आपला जुना शर्ट घालायचा, बटणं लावून. अकरा दवाखाने, अकरा पोती. "आमच्यांचे शर्ट गावभर दात दाखवत बसलेत," बायको शेजारणींना सांगायची, "आणि हे तोंड लपवत फिरतायत." एकदा एका पेशंटने अर्धवट उघड्या दारातून पोतं बघून "यांचं झालं की माझा नंबर ना?" असंही विचारलं होतं. पोत्याला डोकं नव्हतं. पण तिथे आलेल्या माणसाचं लक्ष दुसऱ्याच्या डोक्याकडे नसतंच.

मिस्त्रीची खालची उजवी दाढ चार वर्षं दुखत होती. त्याने उजवी बाजू केव्हाच निवृत्त करून सगळा कारभार डावीकडे सोपवला होता. आता जबड्याखाली लिंबाएवढी सूज होती आणि गिळताना मान पुढे काढावी लागत होती, कासवासारखी.

"या वर्षात ही खुर्ची तीनदा बंद पडली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिन्ही वेळा नेमकी तुमच्या अपॉइंटमेंटच्या दिवशी."

"वायर सैल झाली होती."

"झाली होती, की केली होती?"

मिस्त्री पाना पुसू लागला. पाना स्वच्छच होता.

"हे बघा, गोळ्यांनी सूज दोनदा उतरली. आता गोळ्यांना जुमानत नाहीये आणि गळ्याकडे सरकतेय. आणखी दोन दिवस घालवलेत तर श्वास अडकेल. मग माझ्याकडे नाही, मोठ्या हॉस्पिटलात जायचं. ते गळ्यालाच छेद देतात. आणि तिथल्या खुर्च्या तुमच्याकडे नाहीत, वायर सैल करायला."

दार उघडून बायको आत आली. ती तासभर बाहेर बसली होती. त्याच खुर्चीत, जिथून दवाखान्याचा दरवाजा अडवता येतो.

"शर्ट बघितलात?"

"बघितला. पोतं कुणी रिकामं केलं?"

"मी. दोन घमेली भरून भरून चार फेऱ्या मारल्या. आता बसा. खुर्ची तपासायचीय ना?"

"मी अडुसष्ट किलोचा आहे. नियम सत्तरचा आहे," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज खरोखर नियमाची काळजी असल्यासारखा होता.

डॉक्टरबाईंनी जमिनीवरची हत्यारांची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. "ही मांडीवर घ्या. भरतील सत्तर."

पिशवी मांडीवर घेऊन तो खुर्चीत बसला, बसमध्ये बसतात तसा, उतरायच्या तयारीत. खुर्ची तीनदा वर गेली, तीनदा खाली आली. मग आडवी झाली आणि आडवीच राहिली. डोक्यावरचा दिवा त्याने शंभरदा बदलला होता. खालून तो कधी बघितला नव्हता.

"हात धरायचे नाहीत," तो एकदम म्हणाला.

हात धरायची गोष्ट कुणी काढलीच नव्हती.

आठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याचे दोन्ही हात धरले होते. "काही करत नाहीत रे, नुसतं बघतायत," असं म्हणत धरले होते. दात निघाला, दुखणं संध्याकाळपर्यंत थांबलं. पण ते वाक्य राहिलं. पुढे कुणीही "जरा बघू" म्हटलं की त्याचे पाय त्याला न विचारता निघायचे. वडील गेले तेव्हासुद्धा शेवटच्या दिवशी त्यांनी हात पुढे केला होता. याने पाणी आणतो म्हणून खोलीबाहेर पाऊल टाकलं होतं.

"मी नुसतं बघणार नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काढणार आहे. इंजेक्शन टोचेल. मग दुखायचं थांबेल, पण दाब कळेल. दाढेचे दोन तुकडे करावे लागतील, तेव्हा आवाज येईल. दुखलं तर मला..."

"लाल बटण," मिस्त्री म्हणाला. "डाव्या हाताला, खाली. सगळं बंद होतं. मीच बसवलंय."

"मग अंगठा त्याच्यावर ठेवा."

इंजेक्शन टोचलं. ओठ दुसऱ्याच कुणाचा झाला. मग ड्रिल सुरू झालं. हा आवाज मिस्त्रीला झोपेतही ओळखता आला असता. बेअरिंग किती महिने टिकेल ते तो आवाजावरून सांगायचा. पण आजवर तो बाहेरून ऐकलेला होता. आता तो कवटीच्या आतून येत होता, आणि किती महिने टिकेल ते सांगता येत नव्हतं. पाणी घशाशी साठलं. दिवा पांढरा होत होत सगळीकडे झाला. टाचा गादीत रुतल्या.

अंगठा दाबला गेला.

दिवा गेला. ड्रिल, पाणी, लाळ ओढणारी नळी, सगळं थांबलं. खिडकीतल्या उजेडात डॉक्टरबाई दोन्ही हात वर करून उभ्या होत्या, चोरांनी घेरल्यासारख्या.

"दुखतंय?"

त्याने मान हलवली. नाही.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. "थोडंच राहिलंय" म्हटलं नाही, "शूर आहात" म्हटलं नाही. मिस्त्रीने डोळे तिरके करून बायकोकडे बघितलं. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले होते. पुढे येतील म्हणून. तिच्या हनुवटीचं मात्र काही करता आलं नव्हतं, ती हलत होती.

दाढ अर्धी कापलेली होती. उठून गेला असता तरी कुणी अडवलं नसतं. दार उघडं होतं, वाटेत पोतंही नव्हतं. मांडीवरच्या पिशवीत एक पाना दुसऱ्यावर सरकून वाजला.

मिस्त्रीने नाकाने एक लांब श्वास घेतला आणि बटण परत दाबलं.

दिवा आला. यंत्रं सुरू झाली. मधेच त्याने उजवा हात वर केला, तशा डॉक्टरबाई थबकल्या.

"व्हॉहर," तो म्हणाला.

"काय?"

"कंप्रेसरचा वॉशर म्हणतायत," बायको म्हणाली. "हवा गळतेय वाटतं."

"नंतर!" डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि पुढच्या सहा मिनिटांत दाढ ताटलीत पडली. दोन तुकडे. जखमेतला पू धुऊन त्यांनी कापसाचा बोळा दाबला. मिस्त्रीने ताटलीत वाकून बघितलं. चार वर्षं जिच्या धाकात काढली, तिचा आकार शेंगदाण्याएवढा होता.

तो उठून टेबलापाशी गेला. चाचणीचा कागद त्याने नेहमीसारखा सकाळी घरूनच भरून आणला होता. 'वजन: वाळू, ७० किलो.' त्याने 'वाळू' खोडलं, वर लिहिलं 'मी (पिशवीसह)'. डॉक्टरबाईंनी न हसता खाली सही केली.

अंगातल्या शर्टावर रक्ताचे दोन थेंब पडले होते. बायकोने खिळ्यावरचा निळा शर्ट आणून दिला. त्याने तो घातला, बटणं स्वतः लावली. पोटाशी सैल होत होता. पाहुणा अंगाने भरलेला होता.

दाराबाहेर कुंड्यांपाशी तो थांबला. इस्त्री होऊनही खिशाच्या कोपऱ्यात चिमूटभर वाळू राहिली होती. ती त्याने शेवटच्या कुंडीत टाकली आणि अंगठ्याने दाबली. मग पिशवी डाव्या हातात घेतली, आणि उजवा हात, न बघताच, बायकोपुढे धरला.