नऊ झुडपं आणि न पुसलेली पाती

मित्रांनो, माझं एक पातं सरळ आहे आणि दुसरं पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं. मधे स्प्रिंग आणि मुठींवर अर्धाअधिक उडालेला हिरवा रंग. मी फांद्या छाटायची कात्री. वयानं म्हातारी झाले असले, तरी त्या एका वर्षाची आठवण आली की माझी पाती आजही आपोआप आवळतात.

लालबुंद तापलेल्या पोलादावर घाव सोसत माझा जन्म झाला. मग दुकानाच्या काचेआड मी बरेच दिवस काढले. पोस्टमास्तर निवृत्त झाले, त्याच आठवड्यात त्यांनी मला घरी आणलं. त्यांच्या घरामागे एक लांबलचक ओकीबोकी भिंत होती. तिच्या कडेनं त्यांनी नऊ काटेरी झुडपं लावली, तारा ठोकून त्यांच्या फांद्या भिंतीवर पसरवल्या, बुंध्याशी वाळक्या पानांचा थर दिला. तिसऱ्या वर्षापासून थंडीत ती भिंत शेंदरी फळांच्या घोसांनी पेटल्यासारखी दिसू लागली. पाखरांची झुंबड उडायची. मागच्या रस्त्यानं जाणारे-येणारे थबकायचे.

"फळं गेल्या वर्षीच्या फांदीवर धरतात," मास्तर मला उंच धरून बायकोला बजावत. "वाटेल तिथे कापलं, की पुढच्या थंडीत नुसती पानं बघत बसायचं."

बायकोला सगळी आळी काकू म्हणायची. मला हात लावायची काकूंना परवानगी नव्हती.

सुरुवातीला मास्तर मला रोज पुसायचे, तेल द्यायचे. पुढे त्यांचं नाव झालं, लोक सल्ला विचारायला लागले, आणि माझी रवानगी मातीच्या बादलीत झाली.

अकराव्या वर्षी, दमट हवेच्या दिवसांत, शेजारच्या दंतवैद्यांनी फाटकातून हाक मारली. त्यांच्याकडेही तसलंच एक झुडूप होतं. "मास्तर, जरा बघता का? टोकं जळल्यासारखी झालीत."

"हात्तिच्या! दोन मिनिटांचं काम."

मी पहिली फांदी कापली आणि दचकले. आतून तपकिरी, चिकट रस आला आणि माझ्या पात्यांना चिकटला. हे झाड आजारी होतं. मास्तर मात्र कौतुक ऐकत, चहा पिऊन घरी आले. वाटेत भिंतीवर लोंबणाऱ्या फांद्या दिसल्या, आणि मला न पुसताच त्यांनी जाता जाता पुन्हा चालवलं. एक, दोन, तीन, चार झुडपं! मी जीव खाऊन अडले. माझी स्प्रिंग करकरली.

"तेल घालायला हवं हिला," मास्तर म्हणाले.

दहा-बारा दिवसांनी पहिल्या झुडपाचा शेंडा काठीच्या मुठीसारखा वाकला. पानं काळी पडली, पण गळेनात. मग दुसऱ्याची पाळी आली. मास्तरांची झोप उडाली. शेवटी ते काकूंवर उखडले.

"तू भांड्यांचं साबणाचं पाणी ओततेस इथे!"

"भाज्या धुतलेलं पाणी ते. साबणाचा थेंब नसतो त्यात."

"मग आपोआप जळली का?"

त्यांनी मागच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. आठवडाभर दोघांत अबोला होता. घरात फक्त भांड्यांचा आवाज. इकडे तिसरं झुडूप काळवंडत होतं आणि खरं काय ते ठाऊक असलेली मी एकटी बादलीत मुकी पडून होते.

एका सकाळी काकूंनी रस्त्याकडे झुकलेली एक काळी डहाळी बाहेरून मोडली, पिशवीत बांधली आणि थेट रोपवाटिका गाठली. परत आल्या त्या चपला न काढताच मास्तरांसमोर उभ्या राहिल्या.

"तिथल्या बाईंनी एवढंच विचारलं. छाटणी कधी झाली, आणि त्याआधी कात्री कुठे होती?"

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चेहरा पांढराफटक.

"डॉक्टरांच्या झुडपावर," ते पुटपुटले. मग उठले, खिशातली किल्ली काढून काकूंच्या हातावर ठेवली. "चुकलं माझं. उगाच तुझ्यावर घातलं."

"उगाच, आणि तेही आठ दिवस," काकू म्हणाल्या. "चला आता. काळ्याच्या खाली दोन वीत कापायचं, आणि दर वेळी पाती स्पिरिटनं पुसायची."

स्पिरिट दंतवैद्यांनीच दिलं. "मी एक दात काढला की पक्कड उकळतो," ते ओशाळून म्हणाले. "पण कात्रीचं माझ्याही डोक्यात आलं नाही."

मास्तरांच्या हातून मी दोनदा खाली पडले. काकूंनी मला उचललं. पहिल्यांदाच! त्या कापत होत्या, मास्तर पुसत होते. कापलं, पुसलं, कापलं, पुसलं. पहिली दोन झुडपं मुळासकट काढावी लागली. तिसरं आणि चौथं गुडघ्याएवढं उरलं. सगळ्या काळ्या फांद्या दूर नेऊन जाळल्या.

पुढचा महिना दोघं रोज सकाळी एकेक शेंडा तपासत होती. पाचव्यावर एक पान काळं दिसलं, तेव्हा काकू धावत पुढे झाल्या. बोटानं पुसलं तर नुसती काजळी! पंचविसाव्या दिवशी चौथ्याच्या बुंध्यातून कोवळा, हिरवागार कोंब फुटला. तिसऱ्यानं मात्र मान टाकली.

त्या थंडीत भिंतीवरच्या झुडपांच्या रांगेत मोठं भगदाड पडलेलं होतं. बघणारे विचारत, "मास्तर, इथली तीन कुठे गेली?"

"माझ्या हातून गेली," मास्तर सांगत. न पुसलेल्या कात्रीची गोष्टही प्रत्येकाला सांगत.

मित्रांनो, बागेत जाल तेव्हा एका झाडाकडून दुसऱ्याकडे वळण्याआधी क्षणभर थांबा आणि आम्हाला पुसा. धार लावा, तेल द्या, कोरड्या जागी ठेवा. तुम्ही न्याल तिथे मी जाते, दाखवाल ते कापते. माझ्या पात्यांना काय लागलंय ते मला कळतं, पण ते पुसायला मला हात नाहीत.