पंखात पडलेला वॉशर

सासूबाईंच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती, जावयाचं विमान होतं. त्याचे सुटे भाग खोक्यांतून आले होते. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून सुटला की जावई ते जोडत बसायचा. विमान दोघांपुरतं. दुसऱ्या सीटवर आपली लेक बसणार, या नुसत्या विचारानं सासूबाई गॅरेजकडे बघायचंच टाळायच्या. पण जावयाला बोलणार कसं? "चहा ठेवलाय" आणि "दार लावून घ्या" यापलीकडे दोघांचं बोलणं कधी गेलंच नव्हतं. मधे बोलायला लेक होती ना!

त्या रविवारी लेक कामासाठी परगावी गेली होती. जावई स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला.

"आई, जरा हात लावता का? एकट्याला जमत नाहीये."

पंख लाकडी स्टँडवर आडवा ठेवला होता. त्याच्या मागच्या कडेला एक लांब, हलकी फळी बसवायची होती. "हिला एलेरॉन म्हणतात," जावई म्हणाला. "ही वर-खाली हलते, म्हणून विमान कलतं, वळतं. तुम्ही फक्त धरून ठेवा, मी बिजागरीत बोल्ट घालतो. हलवू नका हं."

सासूबाईंनी धरलं. जावई पंखावर वाकून खटपट करू लागला. त्यांच्या हातांना रग लागली.

"जड होतंय का?"

"फळी जड नाही हो. न हलणं जड आहे."

जावई हसला, आणि नेमका तेव्हाच त्याच्या बोटांतून बोल्टचा वॉशर निसटला.

"अरे, पकड ना!" सासूबाई ओरडल्या आणि त्यांनी जीभ चावली.

वॉशर टणटणत पंखाच्या पोकळीत गेला आणि गप्प झाला. सासूबाईंचा जन्म नर्स म्हणून वॉर्डात गेला होता. हातून चूक झाल्यावर माणूस आधी दाराकडे बघतो की पेशंटकडे, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. आता त्या जावयाकडे बघत राहिल्या. त्याने पाना फिरवला आणि आधी बसवलेले बोल्टही सोडायला घेतले.

"एवढ्याशा वॉशरसाठी सगळं काढायचं?"

"आत हिंडत राहिला आणि वर गेल्यावर कुठे अडकला तर?" त्याचा आवाज खाली आला. "ती बसणार आहे यात, आई."

सासूबाईंनी पदर खोचला.

"त्या टोकाला जा. मी एक-दोन-तीन म्हटलं की कूस बदलायची. आणि कमरेतून नको, गुडघ्यातून वाक."

पेशंटला वळवावं तसा दोघांनी पंख वळवला. आत खरखर झाली. पुन्हा कलता केला, जावयाने तळहाताने थोपटला. पंखाच्या पोटाचं छोटं झाकण त्याने आधीच उघडलं होतं, त्यातून वॉशर सासूबाईंच्या चपलेवर येऊन पडला.

"सापडला गं बाई!"

दोघंही जमिनीवरच बसले, धापा टाकत.

"मघाशी मला 'पकड ना' म्हणालात," जावई म्हणाला.

"तोंडातून गेलं हो."

"बरं वाटलं. माझी आई असंच ओरडायची. ती गेल्यापासून सगळे मला अहो-जाहोच करतात."

सासूबाईंनी वॉशर पदराने पुसला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"मग बसलास काय? ऊठ. मी धरते."

या खेपेला त्याने वॉशरला ग्रीसचं बोट लावलं. तो जागच्या जागी चिकटला. बोल्ट गेला, नट आवळला. सासूबाईंनी एलेरॉन हळूच वर केली, खाली केली. कुठे कुरकुर नाही.

"तान्ह्या बाळाच्या कोपरासारखी हलतेय रे!" त्या म्हणाल्या. मग फळी न सोडताच, "हे बघ, तिच्या आधी मी बसणार."

"भीती नाही वाटणार?"

"वाटेल की. जीव मुठीत धरून बसेन. पण बसेन."

"पहिल्यांदा ते मला एकट्यालाच उडवावं लागेल, आई. दुसरी फेरी तुमची."

"चालेल. आणि दुसरा पंख कधी?"

"पुढच्या रविवारी. तुम्हाला वेळ असेल तर..."

"वेळ असेल तर म्हणे! आण ते खोकं इकडे, आत्ताच उघडू."