तीस दाब, दोन श्वास

“कोपर वाकवू नको. मोठ्यानं मोज. तीस झाले का थांब, दोन श्वास दे, मंग पुढं.”

भागिरथा मॅडमचा हा आवाज मी वर्षानुवर्षे ऐकत आलो. मित्रांनो, मी एक जुना सरावाचा पुतळा आहे. मला डोके आहे, छाती आहे. हात नाहीत, पाय नाहीत. थांबलेल्या हृदयाला छाती दाबून कसे जागे करावे, ते माझ्यावर शिकवतात. कुठल्याशा कारखान्यात साच्यात रबर ओतून मी घडलो आणि निळ्या पेटीत पडून वाशीमच्या एका प्रशिक्षण केंद्रात आलो. रुग्णवाहिकेवर काम करू पाहणाऱ्या मुलामुलींनी माझे नाव रामकिसन ठेवले. नीट दाबले की माझ्या छातीत ‘टक्’ वाजे, आणि मॅडम म्हणत, “पाहा, रामकिसनभाऊ पास म्हणते!” तेव्हा मला फार धन्य वाटे.

मग दाब बरोबर पडला की दिवे लागणारा नवा पुतळा आला आणि माझ्या पेटीला कडी लागली. आत अंधार, रबराचा वास, आणि बाहेरचे मोजणे तेवढे ऐकू येई. ज्याला पायच नाहीत, त्याला कोंडायला कडी तरी कशाला, असे मला वाटे.

मला बाहेर काढले ते मंजुषासाठी. ती मंगरूळपीरपलीकडच्या खेड्यातून दोन एसट्या बदलून येई. पोचेपर्यंत नव्या पुतळ्यावरचा सराव आटोपलेला असे.

“काय वहिनी, यष्टी ढकलत आणली का आज?” वर्गातला विनोद नावाचा मुलगा विचारी. ती नुसती हसे. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून माझ्यापाशी गुडघे टेकी.

पहिली बस का चुकते, ते तिने मॅडमना एकदा सांगितले. लेक निकिता तापाने फणफणली तेव्हा सासूबाईंनी, चतुराबाईंनी, महादेवाला नवस बोलला होता: वर्षभर रोज पहाटे देवळात बसून एकशे आठ वेळा नाव घ्यायचे. त्यांचे गुडघे गेले, तसा नवस सुनेकडे आला. जप केला की बस जाई. बस धरली की जप राही. घरच्यांनी शिकायला वर्ष दिले होते एकच. वर्षाअखेरीस एका शनिवारी परीक्षा होती; तीत ती नापास झाली, तर सारे तिथेच संपणार होते.

परीक्षेच्या आठवड्यात, बुधवारी मंजुषा चक्क वेळेवर आली. माझ्या छातीवर सुरेख दाब पडू लागले. तीस झाले, ती थांबली नाही. चाळीस. साठ.

“मंजुषा! मोजून राह्यली का जप करून राह्यली?”

“जपच, मॅडम,” ती खाली मान घालून म्हणाली. “आज देवळात गेली नाही. म्हटलं, इथंच एक माळ होऊन जाईन. जप मधात तोडता येत नाही ना.”

सारे हसले. मॅडम हसल्या नाहीत. “बाई, महादेव थांबते तुह्यासाठी. पेशंट नाही थांबत.”

तिने हात माझ्या छातीवरून उचलले नाहीत; पुन्हा एकपासून मोजायला लागली. कोंडलेला मी एकटाच नव्हतो, हे मला तेव्हा कळले.

संध्याकाळी मॅडमनी मला सरावासाठी तिच्याबरोबर घरी धाडले. कंडक्टरने झाकण उचलून पाहिले. “हा कोन?”

“रामकिसनभाऊ.”

“मंग अर्धं तिकीट घ्या. थो अर्धाच हाये.”

घरी मला पाहून चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला. “याले पाय काहून नाहीत व, माय?” मंजुषाने घडले ते सारे सांगितले. मग चतुराबाई माळ घेऊन माझ्या डोक्याशी आल्या. “दाब तू. मोजणं माह्याकडे.” तिसाव्या मण्याला त्या ‘थांब’ म्हणत. गुरुवार, शुक्रवार तेच चालले.

शुक्रवारी दिवेलागणीला त्या म्हणाल्या, “उद्या पह्यल्या गाडीनं जाय. नवस माह्या तोंडचा हाये, मीच फेडीन.”

“आत्याबाई, तुमचे गुडघे?”

“गुडघेच हायेत ना? दुखतीन आन् राह्यतीन. तू जाय.”

मित्रांनो, जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी एकदा पुसून पाहा, तिच्या अंगी अजून काम असते. आणि लांबून येणाऱ्याला उशीर झाला म्हणून हसण्याआधी, तो काय काय आटोपून आला ते विचारा.

शनिवारी पहाटे मंजुषा न्हाणीत होती. माझी पेटी ओसरीवर होती, झाकण उघडे. चतुराबाईंनी निकिताचे पांघरूण सारखे केले, माळ कमरेला खोचली. मग पायरीला हात टेकत, बसत बसत खाली उतरल्या आणि कुणाला हाक न देता देवळाच्या वाटेला लागल्या.