नव्या व्हर्जनमधलं आवतण

आमच्या ह्यांना नवं बटण दिसलं की दाबल्याशिवाय चैन पडत नाही. ह्यांना म्हणजे नंदकुमारना. शहरातल्या शनवारा भागात आमचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकं आणि गप्पा ह्यांच्याकडे, कॉम्प्युटर माझ्याकडे. तरी मी भाजीला गेले तेवढ्यात ह्यांनी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर अपग्रेड करून ठेवलं.

"कमल, देख तो सही, किती नवे प्लगइन फुकट आले!"

मी पिशवी तशीच खाली टाकली. "आणि जुने चालतात का ते बघितलं?"

"कंपनीवाल्यांनी काही सोचूनच केलं असेल ना!"

कसलं सोचलं, कपाळ! नव्या व्हर्जनला आमचा जुना सॅम्पलर प्लगइन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्रॅम, चालतच नव्हता. सॅम्पलर म्हणजे आवाजांचा डबा. त्यात आवाज भरून ठेवायचे, कीबोर्डची पट्टी दाबली की तो तो आवाज वाजतो. लोक त्यात ढोलकी भरतात, बासरी भरतात. मी त्यात माणसांची नावं भरली होती, माझ्या सासूबाईंच्या आवाजात.

सासूबाई म्हणजे मालूबाई. जैनाबादपासून खकनारपर्यंत हळदीला बाईंचं आवतणाचं गाणं लागायचं म्हणजे लागायचं. त्या गाण्यात घरातल्या सगळ्यांना नाव घेऊन लग्नाला बोलावतात. आधी पितर, मग जितीजागती माणसं. पितराचं नाव घेताना शेवटी सूर खाली सोडायचा, जिवंत माणसाचं नाव घेताना वर उचलायचा. मग बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरनं आवाजाची हमी दिली नाही. मी हट्टानं त्यांना माईकसमोर बसवलं आणि आठवतील ती सगळी नावं दोन्ही चालींत भरून घेतली. ऑपरेशन झालं. बाई वाचल्या, आवाज गेला. आता बोलतात ते तोंडाशी कान नेऊन ऐकावं लागतं. म्हणजे तो डबा गेला असता तर मालूबाईंचा गळा दुसऱ्यांदा गेला असता.

नव्या व्हर्जननं निरोप दिला, तुमचा जुना प्लगइन बंद झालाय, त्यातला माल आम्ही आमच्या सॅम्पलरमध्ये उतरवून घेतलाय. मी भीत भीत एक पट्टी दाबली. बाईंचा आवाज खणखणीत आला. मला तिथंच रडू आलं. ह्यांची कॉलर ताठ झाली ते वेगळंच.

दुसऱ्याच आठवड्यात फोपनारच्या चुडामणभाऊंच्या मुलाची हळद होती. केळीचे बागायतदार, जुनी ओळख. मी त्यांच्या घरची नावं लावून गाणं बांधलं. पितर संपून जिवंत माणसं सुरू होतात तिथं मी एक खूण ठेवते. ती खूण आली की सॅम्पलर चाल बदलतो. खूण आणि पुढचं नाव, दोन्ही एकाच क्षणाला. जुन्या प्लगइनमध्ये कधी भानगड झाली नाही. मी सुरुवात ऐकली, शेवट ऐकला, पेन ड्राइव्हवर घेतलं. पूर्वी स्टुडिओतलं कुठलंच गाणं बाईंच्या कानांवरून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. पण ऑपरेशनपासून त्या स्वतःचा आवाज ऐकतच नाहीत, लावला की उठून गच्चीवर जातात. म्हणून मीही विचारलं नाही.

फोपनारला आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन गेलो. अंगणात नवरदेव पाटावर, बायका हळद घेऊन भोवती, खाटेवर चुडामणभाऊंचे वडील लोटूआबा. गाणं लागलं. पितर एकेक करून आले. शेवटचं नाव आबांच्या बायकोचं, रंभाबाईंचं. सूर खाली गेला. त्यापुढे घरातलं थोरलं जिवंत माणूस, लोटूआबा. आणि त्यांचाही सूर खाली गेला.

नवी चाल त्यांच्या पुढच्या नावापासून सुरू झाली. नव्या सॅम्पलरनं आधी नाव वाजवलं होतं आणि खूण मग वाचली होती.

तशी आबांची बहीण धुरपदाबाई जी उसळली! "अवं माय! माह्या भावाले जित्तेपणी पितरात बसवलं! आधीचे लेकरं जगत नव्हते म्हणून मायनं याले केरात लोटल्यासारखं करून लोटू नाव ठेवलं, मरणाची नजर नको पडू म्हणून. अन् ह्यांनी भोंग्यावरून मरणालेच हाक मारली!"

"मालूबाई असं गात नव्हती कधी," दुसरी एक म्हणाली. "मशीनमध्ये घातली अन् बाटवली बिचारीले."

ते मात्र माझ्या काळजाला लागलं. माझी चूक माझ्या तोंडावर मारा, पण बाईंच्या गाण्याला बोल? मी ह्यांच्याकडे असं बघितलं की हे सरळ मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले.

मी धुरपदाबाईंच्या पाया पडले. सगळ्यांसमोर पेन ड्राइव्हवरचं गाणं पुसलं, लॅपटॉपमधली त्याची प्रतही पुसली. मग सॉफ्टवेअरमध्ये गाण्याची मूळ जुळणी उघडून ती खूण नावाच्या जरा अलीकडे सरकवली, बस, एवढंच काम. बैल गेला अन् झोपा केला. नव्यानं गाणं लागलं, आबांचं नाव वर उचललं गेलं, धुरपदाबाईंनी भावावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि हळद पुढे चालू झाली.

जेवणं झाल्यावर मी वायर गुंडाळत होते तेव्हा आबा काठी टेकत आले.

"पोरी, पहिलेवालं गाणं हाये का?"

"नाही आबा. तुमच्यासमोरच पुसलं. माफ करा."

ते तिथंच उभे राहिले. "रंभा होती तोवर दर हळदीले आमचं नाव जोडीनं घेत. ती गेली तवापासून तिचं खाली जाते अन् माहं वर. लागोपाठ येते, पण येगळं येते. आज कितीक वर्षांनी संगं गेलं." डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "धुरपदाले नको सांगू. पण होत असलं तर मले ते दे."

घरी आले आणि खूण उचलून होती तिथं परत नेऊन ठेवली. नव्या व्हर्जननं तीच चूक पुन्हा इमानेइतबारे केली. रंभाबाई खाली, लोटूआबा खाली, एका सुरात. मागे वळले तर दारात सासूबाई. गच्चीवर गेल्या नव्हत्या. सगळं ऐकलं होतं.

माझी पाचावर धारण बसली. जिवंत माणसाला पितरांची चाल द्यायची म्हणजे त्यांच्या लेखी पापच. मी भराभर सगळी हकिकत सांगितली, आबा काय म्हणाले तेही. म्हटलं, तुमचा आवाज आहे, तुम्ही नको म्हणाल तर आत्ता पुसते.

त्यांनी परत एकदा लावायला खुणावलं. डोळे मिटून, स्वतःचा आवाज ऑपरेशननंतर पहिल्यांदा पूर्ण ऐकला. मग माझं डोकं धरून कान तोंडाशी ओढला.

"दे त्याले," त्या म्हणाल्या. "पण सांग, मालूबाईनं बोलावलं नाही अजून. घाई नको करू म्हणाव."