तीन पदरी कागदातली काच

मी एक जुनी काचेची बरणी आहे. 'आहे' म्हणते ते सवयीनं. आज माझे नऊ तुकडे आहेत, आणि मित्रांनो, तुमच्याशी बोलते आहे ती माझ्या गळ्याची कड. बाकीचे आठ जण बोलत नाहीत. त्यांना लाज वाटते.

वाळू वितळवून मला साच्यात ओतलं तेव्हा मी लाल आणि आंधळी होते. निवत गेले तसं मला दिसू लागलं. मग एका आईनं लेकीच्या नव्या संसारात मला धाडलं, आणि माझं पोट साखरेनं भरलं. ओल्या चमच्याला मज्जाव, मुंगीला बंदी, असा माझा थाट होता. लेक, म्हणजे आता त्या घरची सून, माझ्यावर फडकं फिरवून सासऱ्यांना म्हणायची, "बघा बाबा, तोंड दिसतंय."

"माझं नको दाखवूस. साखर कडू होईल," बाबा म्हणायचे.

अशी वीस वर्षं गेली. पुढे फिरकीच्या झाकणाचे हलके डबे आले आणि मी वरच्या फळीवर गेले. पोटात साखरेऐवजी सुटी बटणं आली. फडकं यायचं बंद झालं. तक्रार नाही, जुन्या झालेल्यांना फळी तरी मिळावी लागते.

एका सकाळी बाबांना सदऱ्याचं बटण हवं होतं. त्यांनी मला फळीवरून ओढलं आणि मी निसटून खाली आले.

"माझ्या हातानं गेली गं," बाबा म्हणाले.

"जाऊ द्या हो बाबा, काचच ती. आधी पाय उचला," सून म्हणाली. आईची आठवण फुटली होती, पण तिनं तोंडावर काही दिसू दिलं नाही. तिनं माझा एकेक तुकडा वेचला आणि वर्तमानपत्राच्या तीन पदरांत गुंडाळला. कुणाला लागू नये म्हणून. हे मी विसरत नाही.

काचेचा कचरा टाकायची पेटी खाली फाटकाजवळ होती. चार जिने.

"आता कुठे उतरतेस?" नवरा म्हणाला. "टाक कागदाच्या कचऱ्याच्या पिशवीत. वरून कागदच आहे ना?"

"निदान वर लिहा तरी, काच आहे म्हणून," बाबा म्हणाले.

पेन शोधलं. सापडलं नाही. तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली, पिशव्या न्यायला माणूस दारात उभा राहिला.

गाडीनं मला एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये आणलं. तिथं कचरा निवडायच्या टेबलांची रांग होती. काचेच्या टेबलावर दोघी जावांपैकी थोरली, कोपरापर्यंत जाड हातमोजे घालून. शेजारी कागदाच्या टेबलावर धाकटी, उघड्या हातांनी. कागद पारखायचा तो बोटांनीच. प्लास्टिकचा मुलामा दिलेला कागद दिसतो साध्यासारखाच, बोटाला मात्र गुळगुळीत लागतो. हातमोज्यातून ते कळत नाही. धाकटीची बोटं इतकी चलाख, की सगळी शेड तिला 'चिमटी' म्हणायची. हात चालू असले की तिचं गाणंही चालू असायचं, स्वतःच जुळवलेलं:

*कागद येतो दुरून, त्याला बोटांची ओळख,*
*ओला कोण, कोरडा कोण, माझ्या हाताला पारख.*

"गाण्यानं ढीग उतरत नाही गं, चिमटे," थोरली म्हणायची.

"तुमच्या बोलण्यानं तरी कुठे उतरतो, ताई?"

मित्रांनो, चुरगळलेला कागद गठ्ठ्यात बसत नाही. म्हणून बोळा आला की चिमटी त्याच्यावर उजवा पंजा ठेवायची आणि सगळा भार टाकून तो सपाट करायची. दिवसातून हजारदा.

माझा बोळा तिच्यासमोर आला.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. काचेला आवाज असतो तो फक्त फुटताना, आणि मी तर आधीच फुटले होते. तिनं पंजा ठेवला. भार टाकला. तीन पदर मी एका दमात पार केले आणि तिच्या तळहातात शिरले.

गाणं थांबलं, म्हणून थोरलीनं वळून पाहिलं. हातमोजे भिरकावून ती धावली, डोक्याचा रुमाल सोडून हाताला आवळला. "वर धर. वर धर हात. माझ्याकडे बघ, तिकडे नको बघूस."

"ताई," चिमटी हळूच म्हणाली, "अंगठा हलवतेय मी. हलतोय का?"

थोरलीनं रुमालाची गाठ आणखी आवळली.

मुकादमानं त्यांना दवाखान्यात पाठवलं. मग तो ढिगाकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "तेवढा भिजलेला काढून टाका. लाल कागद कोणी घेत नाही." दुसऱ्या दिवशी थोरलीनं माझे तुकडे वेचून काचेच्या पेटीत टाकले. एकेका तुकड्याला एकेक शिवी दिली. मी सगळ्या ऐकून घेतल्या.

दोन महिन्यांनी चिमटी परत आली. डॉक्टरांनी आतल्या तुटलेल्या दोऱ्या शिवल्या होत्या, पण अंगठा आणि दोन बोटं वळत नव्हती. थोरलीनं तिच्यापुढे दोन कागद ठेवले, एक साधा, एक मुलाम्याचा. चिमटीनं डोळे मिटून उजवा हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग डोळे उघडले.

"मुके झालेत हो ताई दोन्ही."

त्या दिवसापासून शेडमध्ये गाणं नाही.

लवकरच मी भट्टीत जाईन, वितळेन, पुन्हा नवी होईन. काचेला ही सोय आहे. हाताला नाही. आणि त्या घरात अजून कुणालाच काही माहीत नाही. सून आपल्या मनाशी म्हणत असेल, मी किती जपून गुंडाळलं होतं.

म्हणून सांगते, मित्रांनो. फुटलेली काच जाड खोक्यात घाला, तोंड चिकटपट्टीनं बंद करा, वर ठळक 'काच' लिहा. पेन सापडेपर्यंत खोकं घरातच राहू द्या. मग चार जिने उतरा आणि काचेच्या पेटीतच ठेवा. कागदाच्या पिशवीत कागदच जाऊ दे.

मुकादमानं चिमटीला आता पहिल्या टेबलावर बसवलं आहे, आलेल्या पिशव्या सोडायला. त्या कामाला पारख लागत नाही, म्हणाला. तुमची पिशवी उद्या सकाळी तीच सोडणार आहे. आत काय आहे, तिला माहीत नाही. आणि ती हात घालणार आहे, उरलेला.