शेपटाचे सर्वो

आधी कबूल करून टाकतो, स्टिकर मीच बदलले. अडतीस वर्षं जुन्या दोस्ताला फसवलं आणि वर तोंड करून त्याच्याच अंगावर ओरडलो. स्वभावच तसला हाय माझा. उद्यमनगरात बत्तीस वर्षं लेथ चालवली, मशिनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती लागलीच. बायको म्हणते, तुमी चहा मागितला तरी शेजारच्यांना वाटतं भांडण लागलंय.

ज्याला फसवलं तो जिनेंद्र. लक्ष्मीपुरीत त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. माणूस माझ्या एकदम उलटा. हळू बोलणार, हळू चालणार, पण हात बघावेत तर त्याचे. डोळ्याला दिसंना असला स्क्रू चिमट्यात धरायचा, तेव्हा बघणाऱ्याचा श्वास अडकायचा, त्याचा न्हाय. सत्त्याऐंशी साली मी घड्याळ घेऊन त्याच्याकडं गेलतो, तर टेबलावरच्या काचेखाली विमानाच्या मॉडेलचं चित्र. मी विचारलं, "हे खरंच उडतंय व्हय?" तो म्हणला, "उडतंय की. बनवणारा कोण भेटला पायजे." झालं. माझं घड्याळ तिथंच राहिलं आणि नाद लागला.

पहिलं विमान आम्ही पांगाऱ्याच्या लाकडाचं केलं. फळी घासून घासून कागदागत पातळ केली, वर पतंगाचा कागद चिकटवला. रिमोट आणि चार सर्वो जिनेंद्रच्या साडूनं जपानहून आणले, तो जहाजावर कामाला होता. सर्वो म्हणजे काडेपेटीएवढी मोटर. खाली तुमी रिमोटची स्टिक बोटानं हलवायची, वर विमानात सर्वोचा दांडा तेवढाच फिरतो आणि पंखाची न्हायतर शेपटाची पट्टी हलवतो. इंजिन कितीबी भारी असू दे, सर्वो दगा देणारा असला तर विमान म्हणजे सोडलेला दगड.

म्हणून सर्वो निवडायचं काम जिनेंद्रचं. चार पायजे असले तर आठ मागवायचे आणि त्यातले निवडायचे. तो डोळं मिटायचा, दांडा दोन बोटांत धरून जरासा इकडं, जरासा तिकडं करायचा. आतल्या दातऱ्यांत किती खेळ हाय ते त्याला बोटाला कळायचं. "हा ढिला. हा चालंल. हा जगात भारी." मग मी दांड्याला लोखंडी वजन टांगून ताकद बघायचो. माझं वजन आणि त्याची बोटं, ह्यांचं कधी वाकडं आलं न्हाय.

कामाची वाटणी ठरलेली. बनवणार मी, उडवणार तो. ही वाटणी का झाली तेबी सांगतो, लपवण्यासारखं काय न्हाय. कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या पलीकडं तेव्हा नुसतं रान होतं, तिथं आम्ही उडवायचो. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये मी हट्ट केला, मला दे म्हणून. त्यानं रिमोट दिला. मोजून अर्ध्या मिनिटात मी विमान केरबा नावाच्या शेतकऱ्याच्या उसात घातलं. दोन दिवस आम्ही त्या उसात वाकून फिरत होतो, अंगभर कुसळं. केरबा बांधावर उभा राहून ओरडतोय, "पावणं, माझा ऊस काय विमानतळ हाय काय वो?" शेवटी सापडलं ते विमान न्हवतं, जळण होतं. जिनेंद्र एका शब्दानं बोलला न्हाय. मीच म्हणलो, "परत रिमोटला हात लावला तर नाव बदलीन." आणि न्हाय लावला.

काय दिवस होते राव ते! संध्याकाळी वारा पडला की उडवायला मजा, पण जिनेंद्रचं जेवण दिवस मावळायच्या आत. म्हणून पद्मावती वहिनी पाच वाजताच डबा बांधून द्यायच्या. बांधावर बसून भाकरी आणि दोडक्याची भाजी. मी माझा कांदा घेऊन चार हात लांब बसायचो, तो म्हणायचा, "अजून लांब जा मर्दा, वास येतोय." मग शेवटच्या उजेडात एक फेरी. इंजिनातल्या जळक्या एरंडेलाचा वास, कारखान्याच्या मळीचा वास, आणि वर आमचं विमान. तसलं सुख मला परत कशात मिळालं न्हाय, पोरांच्या लग्नातबी न्हाय. बायकोला सांगू नका.

आता त्या रानात घरं झालीत. मी स्वतःच तिथं राहतो, दोन खोल्या आणि मागं पत्र्याचं शेड. त्याच शेडमध्ये आम्ही दोन वर्षं जेट बांधलं. खरं जेट, बारक्या टर्बाइनचं, रॉकेलवर चालणारं. ते उडवायचं असं आम्ही बांधावर बसून किती वेळा ठरवलं असंल त्याचा पत्ता न्हाय. एका ओळखीच्या माणसाची खाजगी धावपट्टी मिळाली, परवानगीचे कागद झाले. सगळं जमून आलं आणि जिनेंद्रचा हात हलायला लागला.

आधी उजवा अंगठा, मग पंजा. डॉक्टर म्हणले पार्किन्सन. त्यानं दुकान बंद केलं त्या दिवशी मी शटर ओढायला गेलतो. तो एवढंच म्हणला, "कृष्णात, एकदा जेट माझ्या हातानं वर जाऊ दे. मग काय बी हुईना." मी म्हणलो, "जाणारच, न जाऊन सांगतंय कुणाला!" हे मी छातीवर हात मारून बोललोय, ध्यानात ठेवा.

गेल्या दिवाळीत आम्ही सरावाला आमचं जुनं पंखावालं विमान काढलं. उडालं चांगलं. पण वर गेल्यावर ते सारखं नाक खालीवर करायला लागलं. वारा न्हवता, काय न्हवतं. जिनेंद्रचा अंगठा स्टिकवर हलत होता आणि विमान तसंच्या तसं हलत होतं. त्यानं उतरवलं, कसंबसं. रिमोटमध्ये स्टिकचा मधला भाग नरम करायची सोय असती, म्हंजे स्टिक जराशी हलली तर पट्टी त्याहून कमी हलती, ती मी पुढं त्याला वाढवायला लावली. तरी थरथर जाईना. जायरो लावूया म्हणलो, म्हंजे विमान आपलं आपण सरळ राहतंय, तर म्हणला, "मग मी कशाला पायजे? घरात बसून पोरांचा गेम खेळतो की."

तिथनं माझ्या डोक्यात किडा शिरला. पुण्याहून शेपटासाठी सर्वो मागवायचे होते. जेटला लागतात ते कडक सर्वो: लोखंडी दातऱ्या, ताकद भरपूर, आणि इतके चपळ की स्टिक केसभर हलली तरी पट्टी केसभर हलणार. म्हंजे ह्याचा अंगठा थरथरला की शेपूट थरथरणार, आणि जेटला ते परवडत न्हाय. मग मी ते आठ मागवलेच, पण त्यांच्याबरोबर गुपचूप दुसरे आठ मागवले, जुन्या पद्धतीचे, मऊ. ते स्टिकची बारीक हालचाल मनावरच घेत न्हाईत. बऱ्यापैकी ढकलल्यावर जागे होतात. मी मनात म्हणलो, थरथर सर्वोच गिळून टाकंल आणि माझा गडी उडवंल.

ह्यात धोका काय ते मला कळत न्हवतं असं न्हाय. जेट अडीचशेच्या वेगानं जातंय. मऊ सर्वोला ती पट्टी दाबून धरता आली न्हाय तर शेपूट फडफडतंय, आणि फडफडलं की तुकडे. पण मी स्वतःला समजावलं, सावकाश दोन फेऱ्या मारू, उतरवू. एकदाच तर उडवायचंय त्याला. हेअर ड्रायर मारून कडक सर्वोवरचे स्टिकर सोडवले, मऊवर चिकटवले, आणि मऊ सर्वो भारीवाल्या खोक्यात ठेवले. खरे भारी सर्वो खिळ्यांच्या डब्यामागं लपवले. कोण म्हणंल त्रेसष्ट वर्षांचा माणूस हाय!

रविवारी दुपारी जिनेंद्र आला. वहिनींनी रिक्षातनं सोडलं आणि मला दमात घेऊन गेल्या, "भावजी, पाचला मी न्यायला येते, उशीर चालणार न्हाय." तो स्टुलावर बसला, खोकं पुढं ओढलं. दुसऱ्या हातानं मनगट धरून त्यानं एक सर्वो उचलला. डोळं मिटले. दांडा हलवला. मी उगच जेटचं नाक पुसत उभा राहिलो.

"जोडून बघू," तो म्हणला.

मी खोक्यातले दोन सर्वो शेपटात बसवले, तारा जोडल्या. त्यानं रिमोट हातात घेतला. अंगठा स्टिकवर ठेवला. अंगठा हलत होता, ते मला दिसत होतं. आणि शेपूट? एकदम गप! पट्टी हलायचं नाव न्हाय. मी ओरडलोच, "बघ लेका! बघ! हाय का थरथर?"

त्याचा चेहरा फुलला. खरं सांगतो, हात हलायला लागल्यापासनं तसा चेहरा मी बघितला न्हवता. पहिलं विमान उठलं तेव्हाचा पंचविशीतला जिन्या माझ्या पुढं बसलाय असं वाटलं मला. मग त्यानं रिमोट खाली ठेवला, वाकला, आणि शेपटाची पट्टी एका बोटानं दाबली. पट्टी जराशी दबली. त्यानं परत दाबली. परत दबली.

"कृष्णात, हे सर्वो झोपलेत."

"काय बोलतोस! स्टिकर वाच की."

"स्टिकर कशाला वाचू?" तो हळूच म्हणला. "मगाशी बोटालाच कळलंतं. तू लावतोस का न्हाय ते बघत होतो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. फसवलं मी, आणि राग मलाच. "हां, बदलले! बदलले मी! तुझ्यासाठीच मरतोय ना हितं? कडक लावले तर उडवता येणार हाय का तुला? दिवाळीत काय झालं बघितलंस न्हवं?" बोलून गेलो आणि जीभ तोडून टाकावी असं झालं. पलीकडच्या घरातली खिडकी उघडली, परत मिटली.

जिनेंद्र चिडला न्हाय. "धावपट्टीच्या कडंला माणसं उभी असणार," तो म्हणला. "शेपूट तुटून कुणाच्या डोक्यात गेलं तर? माझ्या हौसेपायी? खरे सर्वो कुठं ठेवलेस ते काढ."

काढले. काय करणार. आठ होते. त्यानं एकेक घेतला, डोळं मिटून. एकावर थांबला, बाजूला ठेवला. "हा." दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा बराच वेळ बोटांत धरला. "आणि हा." मी म्हणलो, "बरं, हे लावू. पण मग उडवायचं कसं, ते तरी सांग."

"मी कुठं उडवणार म्हणलो?"

"शटर ओढताना म्हणलास की!"

"म्हणलतो. दिवाळीत विमान उतरवलं तेव्हाच सोडलं ते." तो माझ्याकडं बघून हसला. "हे सर्वो मी तुझ्या हाताला निवडतोय, खुळ्या. तू धसमुसळा हायस, स्टिक जोरात मारणार. म्हणून घट्टातले घट्ट काढले."

मी नेहमीसारखा ओरडलो, काय ओरडलो ते मलाबी आठवत न्हाय. उसाचं काढलं, शपथेचं काढलं, तुझं डोकं फिरलंय म्हणलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणला, "झालं? आता सर्वो लाव."

शेवटी लावले. त्यानं रिमोट माझ्या हातात दिला. अडतीस वर्षांनी. मी स्टुलावर बसलो आणि तो माझ्या मागं उभा राहिला. मी स्टिक हलवली, शेपूट फाडकन वर गेलं. "बघ, मारलीस," तो म्हणला. "अंड्यावर बोट ठेवल्यागत ठेवायचं." मी परत केलं, परत तसंच. मग त्यानं मागनं हात आणला आणि त्याचा अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला.

शेपूट थरथरायला लागलं. बारीक, सारखं. त्याच्या अंगठ्यातनं माझ्या अंगठ्यात, माझ्या अंगठ्यातनं स्टिकमध्ये, आणि समोर त्या पट्टीत. सर्वो खरंच जगात भारी होते, काय लपवत न्हवते. तसंच त्यानं स्टिक हळू ओढली, हळू सोडली, आणि मला पहिल्यांदा कळलं की उडवणं म्हंजे काय करत होता हा गडी एवढी वर्षं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी पुसलं न्हाय, दोन्ही हात रिमोटवर होते.

"आता तू एकटा," जिनेंद्र म्हणला, आणि त्यानं हात काढून घेतला.

शेपूट थांबलं. एकदम स्थिर. जेटचं शेपूट असावं तसं. आणि मला ते थांबायला नको होतं.