स्टेजकडे पाठ

मेलबर्नच्या कार्यक्रमाला मी अगदी पुढे, कठड्याला टेकून उभी होते, आणि तरी मी स्टेजकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्या पाठीमागे दहा हातांवर 'टिन जेटी' बँडवाले वाजवत होते. वयाच्या सतराव्या वर्षापासून ज्यांच्यावर मी जीव टाकत आले तेच ते चौघे, त्यांच्या शेवटच्या दौऱ्यावर. ड्रमचा प्रत्येक ठोका माझ्या मणक्यातून आत शिरत होता. मी मात्र गर्दीकडे तोंड करून एकेक चेहरा तपासत होते. टकले, दाढीवाले, घामाने निथळणारे, डोळे मिटून गाणारे.

शेजारचा माणूस माझ्या कानाशी ओरडला, "अगं बाई, स्टेज तिकडे आहे!"

"माहितीये!"

"मग इकडे काय बघतेस?"

"भावाला शोधतेय!"

त्याला ऐकू गेलं नसावं. त्याने अंगठा वर केला आणि पुन्हा उड्या मारायला लागला.

माझं नाव लिंडल. मी जिलाँगमध्ये शाळेची बस चालवते. गार्थ माझा भाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. टिन जेटीचा पहिला कार्यक्रम आम्ही गावातल्या एका पबमध्ये ऐकला, तेव्हा तो चौदाचा होता. माझं मोठं जाकीट घालून, मागच्या दाराने, बिअरचे क्रेट आत नेणाऱ्या माणसांमागून मी त्याला आत घुसवलं. तो थेट स्पीकरपुढे जाऊन उभा राहिला. पुढचे दोन दिवस त्याला धड ऐकू येत नव्हतं आणि आई मला फैलावर घेत होती. पण तो माझ्याकडे बघून नुसता हसत होता. त्यानंतर टिन जेटी जिथे जातील तिथे आम्ही. बेन्डिगो, बॅलरॅट, एकदा तर पार होबार्टपर्यंत. पुढे गर्दी फार रेटायला लागली की तो माझ्यामागे कठड्याला दोन्ही हात लावून उभा राहायचा आणि सगळा भार स्वतःच्या पाठीवर घ्यायचा.

मग आईला अर्धांगवायू झाला. गार्थ भिंतींना प्लास्टर करायचा, ते काम त्याने सोडलं आणि तो आईच्या घरी राहायला गेला. चार वर्षं. मी रविवारी लझान्याचा ट्रे घेऊन जायचे, तासभर बसायचे, निघायचे.

अशाच एका रविवारी दुपारी टिन जेटी टॉर्कीला वाजवणार होते, एका पबच्या हिरवळीवर. मी गार्थला न्यायला गेले.

"आईला एकटं कसं सोडू?" तो म्हणाला.

"दोन तासांचा प्रश्न आहे. दुपारची झोपलेलीच तर असते ती. चार वर्षांत कुठे गेलायस तू? तोंड बघ आरशात."

"नको गं, लिन."

"चल म्हणते ना!"

तो आला. त्या दुपारी तो जसा नाचला तसा मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. साडेपाचला आम्ही परतलो तेव्हा आई न्हाणीघरात फरशीवर पडलेली होती. पाचव्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ती गेली.

इथवरचं कुणाच्याही घरी होऊ शकतं. त्यापुढचं मी केलं. दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि सँडविच चालू असताना मर्ल मावशीने विचारलं, "ती पडली तेव्हा गार्थ होता कुठे?" आणि मी म्हणाले, "त्यालाच विचार. घरी थांबायचं काम त्याचं होतं."

तो माझ्या मागेच उभा होता, कपांचा ट्रे घेऊन. त्याने ट्रे टेबलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

नऊ दिवसांनी तो घर सोडून गेला. फोन ओट्यावर, किल्ल्या टपालाच्या पेटीत. पोलीस म्हणाले, मोठा माणूस आहे, आपल्या पायाने गेलाय, आम्ही नाव नोंदवून ठेवतो. त्याला आता तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी मर्ल मावशीलाही खरं सांगितलं नाही, की त्याला घराबाहेर ओढून नेणारी मीच होते.

म्हणून शेवटच्या दौऱ्याची बातमी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. मेलबर्न, अॅडलेड, फ्रीमँटल. तीनच कार्यक्रम. मी मनाशी धरून चालले की गार्थ जिवंत असेल तर तीनपैकी एकाला तरी येईल. जिवंत असेल तर, हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारले.

मेलबर्नला तो नव्हता.

अॅडलेडला तिसऱ्या गाण्याला मला त्याची मान दिसली. तीच रुंद मान, डाव्या कानामागे वळलेले केस. मी गर्दीत घुसले. उड्या मारणाऱ्या माणसांच्या मधून आडवं जाणं म्हणजे लाटेत उलटं पोहणं. कुणाचं कोपर तोंडावर बसलं, कुणाची बिअर अंगावर सांडली, एक बूट कुठेतरी निघून गेला. मी त्याची बाही पकडली आणि त्याला माझ्याकडे वळवलं.

"गार्थ!"

"मी स्टुअर्ट," तो म्हणाला.

मी बाही सोडली नाही. "नक्की?"

त्याची बायको मध्ये आली. "अगं ए बये, सोड त्याला. माझा आहे तो, सव्वीस वर्षांपासूनचा." मग तिने माझा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज उतरला. "बस खाली. स्टुअर्ट, पाणी आण रे."

त्याच वेळी बँडने आमचं गाणं सुरू केलं. गार्थ आणि मी गाडीत काचा खाली करून बेंबीच्या देठापासून ओरडायचो ते. आजूबाजूला हजारो माणसं ते गात होती. मी एका पायात बूट घालून गवतावर बसले होते आणि कानात बोटं घालून ते संपायची वाट बघत होते.

फ्रीमँटलचा कार्यक्रम समुद्राकाठच्या मैदानावर होता. फाटक तीनला उघडणार होतं, मी बाराला तिथे पोहोचले. गार्थचा फोटो येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत राहिले. काही जण थांबून नीट बघायचे. काही जणांना वाटायचं मी काहीतरी विकतेय. एका बाईने तर फोटो बघून मलाच मिठी मारली, आणि तिचा भाऊ कसा गेला ते सांगत बसली. ती बोलत होती आणि मी तिच्या खांद्यावरून मागून येणारे चेहरे बघत होते.

फाटकावर सेला नावाची, टोंगा बेटांवरची पोरगी सुरक्षेला होती. उंच, धिप्पाड, केसात पिवळं फूल.

"आँटी, किती वाजल्यापासून उभ्या आहात? टोपी तरी घाला."

"याला पाहिलंस का?"

तिने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "खरं सांगू का? करड्या दाढीचे, काळ्या टीशर्टमधले असे निदान चारशे जण आत सोडलेत मी." मग तिला वाईट वाटलं असावं. "दिसला तर धरून ठेवते."

संध्याकाळी टिन जेटी स्टेजवर आले तेव्हा मी पुन्हा पुढे कठड्याला पाठ लावून उभी होते. पण या वेळी सूर्य गर्दीच्या मागे समुद्रावर उतरत होता आणि तो थेट माझ्या डोळ्यांत येत होता. समोर हजारो डोकी, आणि सगळी काळी. एकाही चेहऱ्याला नाक नव्हतं, डोळे नव्हते. मी हाताचा आडोसा केला, डोळे बारीक केले. काही उपयोग नाही. गाणी एकामागून एक संपत होती. मला त्यांचा क्रम पाठ होता, आता चारच उरली होती. ही माणसं आता घरी जातील, टिन जेटी पुन्हा कधी वाजवणार नाहीत, आणि माझ्याकडे शोधायला जागाच उरणार नाही.

तेवढ्यात गर्दीतून आरोळी उठली. स्टेजच्या बाजूच्या मोठ्या पडद्यावर कुणाच्या तरी खांद्यावर बसलेली एक मुलगी दिसत होती, घराएवढी मोठी. मी त्या पडद्याकडे बघत राहिले. मला तो दिसत नाही, ठीक. मी त्याला दिसायला काय हरकत आहे?

शेजारी दोघे आडदांड गडी होते, दुपारपासून मला चिप्स देत होते. विटांचं काम करणारे.

"मला उचला," मी म्हणाले.

"काय?"

"वर उचला. गर्दीच्या डोक्यावरून मागे सोडा."

ते एकमेकांकडे बघायला लागले. "पाठीचं काही दुखणं वगैरे?" एकाने विचारलं.

"माझं की तुझं?"

तो हसला. दोघांनी मला पोत्यासारखं उचललं आणि मी हातांवर गेले. अनोळखी तळवे पाठीखाली, मांड्यांखाली, डोक्याखाली. वर नुसतं आकाश. मी ओरडायला लागले. "गार्थ! गार्थ!" कॅमेरा माझ्याकडे वळला असणार, कारण सगळं मैदान एकदम गरजलं. बावन्न वर्षांची बाई हातांवर तरंगतेय, तोंड वासून ओरडतेय, डोळ्यांतून धारा लागल्यात. त्यांना वाटलं ही आनंदाने वेडी झालीय. त्यांनी मला आणखी उंच धरलं. फिरवलं. परत पुढे आणलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

कठड्यापाशी हात कमी पडले आणि मी डोक्याकडून खाली आले. संध्याकाळी फाटकावरून कठड्यापाशी आलेल्या सेलाने मला अर्ध्यात झेललं, पण उजवा खांदा कठड्याच्या लोखंडावर आपटला. काहीतरी कट्कन वाजलं.

प्रथमोपचाराचा तंबू फाटकाबाहेर होता. हात झोळीत बांधल्यावर मी उठून परत फाटकाकडे निघाले.

मला तंबूपर्यंत घेऊन आलेली सेला आडवी आली. "नाही, आँटी. गर्दीच्या डोक्यावरून आलेल्याला परत आत सोडत नाहीत. नियम आहे."

"दोन गाणी उरलीत. फक्त दोन."

"माझी नोकरी जाईल."

"मी पाया पडते तुझ्या!" आणि मी खरंच गुडघ्यावर बसले. तिने मला उठवायचा प्रयत्न केला तेव्हा मी चांगल्या हाताने तारेचं कुंपण धरून ठेवलं. तोंडातून काय निघतंय याचं भान नव्हतं. "मीच त्याला घराबाहेर काढलं. तो नको म्हणत होता. मीच ओढून नेलं, आणि आई मेली, आणि मी सगळ्यांसमोर दोष त्याच्यावर ढकलला. मी ढकलला!"

सेलाला काय कळणार? ती फक्त माझ्याशेजारी जमिनीवर बसली. तिच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरत होता, तो तिने बंद केला.

"हात मोडलास की काय?"

आवाज मागून आला. कुंपणाच्या आतून नाही, बाहेरून. मी वळले.

बाहेरच्या उंचवट्यावर, पाइनच्या झाडांखाली, घडीच्या खुर्च्या टाकून फुकटात ऐकणारे लोक बसले होते. तिथून तो खाली आला होता. अंगावर कामाचा नारिंगी शर्ट, गालफडं बसलेली, दाढी पांढरी झालेली. माझ्यापेक्षा म्हातारा दिसत होता.

"खांदा," मी म्हणाले.

"पडद्यावर दिसलीस. मग एकदम दिसेनाशी झालीस." तो धापा टाकत होता. "वाटलं, गेलीस."

"तू आत का नाही आलास?"

"नाही जमत. माणसं चिकटून उभी राहिली की श्वास अडकतो. इथून ऐकू येतं तेवढं पुरतं."

सेला हळूच म्हणाली, "फोटोतला हाच का? फोटोत बरे दिसता हो तुम्ही." आणि उठून फाटकाकडे गेली.

"मी आत्ता बोलले ते ऐकलंस?"

"ऐकलं."

तो माझ्यापासून हातभर अंतर ठेवून कुंपणाला टेकला. आत शेवटचं गाणं सुरू झालं होतं. आम्ही दोघंही त्याच्याकडे लक्ष देत नव्हतो.

"चार वर्षं मी तिला आंघोळ घातली, लिन."

"हो."

"तू रविवारी यायचीस."

"हो."

"आणि मावशीसमोर ते बोललीस."

"हो."

तीन वर्षं मी मनात वाक्यं जुळवली होती. गाडी चालवताना, भांडी घासताना. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"मावशीला खरं सांगेन मी," मी अखेर म्हणाले. "सगळ्यांना सांगेन. घरी चल."

"नाही." तो चिडून बोलला नाही. "होड्यांच्या कारखान्यात काम करतो मी, तळ खरवडायचं. इथून जवळच, क्विनानाला कॅरॅव्हॅनमध्ये राहतो. बरं चाललंय."

मी त्याच्या बसलेल्या गालफडांकडे पाहिलं.

आत टाळ्या सुरू झाल्या तसा तो अस्वस्थ झाला. लोंढा बाहेर यायच्या आत त्याला निघायचं होतं. प्रथमोपचाराच्या तंबूत मला दिलेल्या कागदामागे त्याने एक नंबर लिहिला. "आधी फोन कर. एकदम दारात उभी राहू नकोस." मग माझ्या झोळीची गाठ मानेत रुतत होती ती त्याने सैल केली आणि गेला.

पाच मिनिटांनी फाटकातून माणसांचा पूर आला. घोगऱ्या आवाजात अजून गात होते. एकाने मला ओळखलं. "अरे, ही बघ पडद्यावरची! काय मजा केलीस गं बाई तू! जन्मात विसरणार नाहीस हा दिवस!"

"नाही विसरणार," मी म्हणाले.

घरी आल्यावर पहिल्यांदा मी मर्ल मावशीकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला चहा विचारला नाही. गार्थला मी आतापर्यंत चारदा फोन केला. तीनदा त्याने उचलला नाही. चौथ्यांदा आम्ही सात मिनिटं बोललो, खांद्याच्या व्यायामाबद्दल. जुलैत शाळेला सुट्टी आहे. येऊ का, असं मी विचारलं. बघू, म्हणाला.